पासपोर्ट टू पिमलिको: एका रात्रीत अख्खी गल्ली फॉरेनर

रविवारी जेवून आडवं व्हायच्या आधी काहीतरी हलकंफुलकं बघू म्हणून लावला आणि झोप गेली ती गेलीच. १९४९चा ब्लॅक अँड व्हाइट ब्रिटिश पिक्चर, ईलिंग स्टुडिओचा, दीड तासाच्या आत संपतो. भपका काही नाही, लंडनच्या लॅम्बेथमध्ये बॉम्बने सपाट झालेल्या जागेवर गल्लीचा सेट लावला आणि काम भागवलं.

महायुद्ध संपलंय, लंडनच्या पिमलिको भागातल्या एका गल्लीत न फुटलेला एक बॉम्ब पडलाय, पोरांच्या उचापतीने तो फुटतो आणि खड्ड्यात सापडतो खजिना, सोबत जुनी सनद. त्यात काय, तर इंग्लंडच्या चौथ्या एडवर्ड राजाने ही जागा बर्गंडीच्या (आता फ्रान्समध्ये) ड्यूकला देऊन टाकलेली, आणि ती सनद कधी रद्दच झाली नाही, म्हणजे मासेवाला, बँक मॅनेजर, हवालदार सगळे कायद्याने परदेशी! आपणच फॉरेनर झालोय हे डोक्यात शिरतं तेव्हाचा हवालदाराचा चेहरा बघाच. आणि प्रोफेसर बाई झालेली मार्गारेट रदरफोर्ड, सनद बघून लहान पोरीसारखी हरखते, तिच्यासाठी मी परत बघेन.

मग ब्रिटिश कायदे आता आपल्याला लागू नाहीत म्हणून पबमध्ये लोक रेशनची पुस्तकं टराटरा फाडतात. रॉकेलच्या रांगेत डबा धरून उभी राहिलेली माझी आई शेजारी बसून बघत होती, ती एवढंच म्हणाली, "मीही फाडलं असतं गं." दुसऱ्या दिवशी काळाबाजारवाले गल्लीत घुसतात, सरकार काटेरी तारा लावतं, तर हे पठ्ठे खालून जाणारी ट्यूब, म्हणजे लंडनची भुयारी रेल्वे, थांबवून पॅसेंजरांचे पासपोर्ट तपासतात!! पुढे कोंडी होते तेव्हा तारांवरून लंडनकर खाणं फेकतात, पॅराशूटने डुक्कर काय उतरतं, मी तर उशीत तोंड खुपसून हसले.

वीक आहे तो ड्यूकच. बर्गंडीतल्या दिजॉनहून जुन्या ड्यूकचा वारस येतो, देखणा, नम्र, आणि बास. दुकानदाराच्या पोरीबरोबर जरा चांदण्यात फिरवलाय पण ते पाणचटच. खरी मजा त्या दोन सरकारी बाबूंची, हे आमच्या खात्याचं नाही म्हणत फाईल इकडून तिकडे, आपल्याकडचेच वाटतात.

सबटायटल लावूनच बघा, दुकानदार झालेल्या स्टॅन्ली हॉलोवेचं लंडनी इंग्लिश मला तीनतीनदा मागे घेऊन ऐकावं लागलं.