ल्युप्रोलाइड डेपो इंजेक्शन: बाबांसाठी वापरतोय, त्याचा रिव्ह्यू

बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी हे महिन्याचं इंजेक्शन सुरू केलं. मराठीत याबद्दल धड काही सापडेना म्हणून लिहितोय. औषध म्हणजे एक छोटं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यासारखं, गोळी करून दिलं तर पोटातच पचून जाणार, आणि साधं इंजेक्शन घ्यायचं तर रोज टोचून घ्या. डेपोमध्ये तेच औषध पीएलजीए नावाच्या पॉलिमरच्या अगदी बारीक कणांत भरलेलं असतं, हे पॉलिमर लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ॲसिडच्या साखळीचं, अंगातल्या पाण्यानेच ती साखळी हळूहळू तुटते, औषध बाहेर येत राहतं आणि शेवटी पॉलिमरही विरघळून जातं, काढायबिढायला काही नको. ऑपरेशननंतर विरघळणारे टाके घालतात ना, ते याच घराण्यातले.

मला खरी कमाल पुढची वाटते. हे औषध मेंदूतून येणाऱ्या एका हार्मोनच्या सिग्नलची नक्कल करतं. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला हा सिग्नल एरवी थांबून थांबून मिळतो, तो सलग मिळत राहिला की ग्रंथी त्याला दाद देईनाशी होते आणि टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ज्यावर हा कॅन्सर वाढतो ते पुरुषी हार्मोन, खाली येतं. म्हणजे औषध अखंड मिळणं हाच इलाज आहे, आणि ते काम पॉलिमर करतं! अमेरिकेत १९८९ला महिन्याच्या डेपोला मंजुरी मिळाली, त्याआधी पेशंट रोज सुई घ्यायचे, विचार करा.

आता काळजीच्या गोष्टी. सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, हाडात पसरलेलं असेल तर दुखणं वाढू शकतं, म्हणून आमच्या डॉक्टरांनी आधीपासून वेगळ्या गोळ्या दिल्या, तुम्हीही हे नक्की विचारा. बाबांना अचानक अंग गरम होऊन घाम फुटतो, तो औषधाचाच परिणाम. पावडर आयत्या वेळी द्रवात मिसळतात, दुधाळ होते, आणि तशीच ठेवली तर कण तळाला बसतात. एकदा सिस्टर मिसळून दुसऱ्या पेशंटकडे गेल्या, मग मी परत नीट हलवायला सांगितलं, संकोच करू नका. आतला कागद फक्त इंग्रजीत, हे मात्र अजिबात पटलं नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसाने वाचायचं कसं?

किंमत ब्रँडप्रमाणे बरीच बदलते, दोन-तीन मेडिकलमध्ये विचारा. तीन महिन्यांचंही मिळतं, त्यात बऱ्याचदा नुसतं पॉलीलॅक्टिक ॲसिड असतं, ते आणखी सावकाश विरघळतं. बाबांचा पुढचा पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) चांगला आला तर तेच घ्यायचं का, हे डॉक्टरांना विचारणार आहे.