सात सीटर घेताय? व्हेरियंटची यादी आधी मागच्या सीटवर बसून वाचा

गाडी घेऊन सव्वा वर्ष झालं, आता बोलायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, टाकलं की भक्त आणि वैरी दोघंही धावून येतात आणि मुद्दा राहतो बाजूला. कॉम्पॅक्ट, तीन रांगांची एसयूव्ही, लांबी साधारण ४.७ मीटर, आणि खरं सांगायचं तर या साइझच्या गाड्यांची रड थोड्याफार फरकाने सारखीच असते.

पाच सीटर गाडीला पुरेल एवढ्याच लांबीत इथे तिसरी रांग कोंबलेली असते, मग ती जागा येणार कुठून, तर डिकीतून आणि मधल्या रांगेच्या गुडघ्यांमधून. मधली सीट पुढेमागे सरकत असेल तरच तिसऱ्या रांगेला अर्थ आहे, आमच्यात सरकते. तरी मागे फ्लोअर उंच आणि सीट बसकी, त्यामुळे गुडघे छातीशी येतात. मी स्वतः अर्धा तास मागे बसून बघितलं, उतरताना बायकोला हात द्यावा लागला. आठ-दहा वर्षांच्या पोरांना मात्र ती जागा भयंकर आवडते, कारण तिथपर्यंत आपला हात पोचत नाही.

आता व्हेरियंट. चार होते, बेस, मिड, मिड-प्लस आणि टॉप. यादी वाचली की डोळे फिरतात, मोठी स्क्रीन, पॅनोरमिक सनरूफ, हवा मारणाऱ्या सीट, ३६० कॅमेरा, अँबियंट लाइट. मी शेवटी पेन घेतला आणि यातलं तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याला काय मिळतं तेवढ्यालाच टिक केलं, तर अख्ख्या यादीत दोन टिक! बेसला मागे एसीचा व्हेंट नाही, मिडपासून व्हेंट आणि चार्जिंगचा पोर्ट येतो, बस. त्याच्या वर जे काही वाढतं ते सगळं पुढच्या दोघांसाठी. उलट सनरूफच्या फ्रेममुळे डोक्यावरची जागा थोडी कमीच होते, उंच माणसाने टॉपमध्ये बसून बघितल्याशिवाय होकार देऊ नये.

बेस कुणी घ्यावा? माझ्या मते सात जण बसणार असतील तर कुणीच नाही. मागची काच उघडत नाही आणि वर व्हेंटही नाही म्हणजे उन्हात मागचे शिजतात.

टॉपच्या १९ इंची अलॉय चाकांवर मी पण भाळलो होतो. पण खालच्या व्हेरियंटचा टायर २३५/६५ आर१७ आणि टॉपचा २३५/५५ आर१९, बाहेरून उंची जवळपास तीच, फक्त रबराची भिंत १५३ मिलिमीटरवरून १२९ वर येते. खड्ड्याचा दणका खाणारं रबरच कमी झालं, आणि तिसरी रांग जवळजवळ मागच्या चाकांवरच बसलेली असते, त्यामुळे पहिला दणका त्यांनाच. शिवाय १९ चा टायर बदलताना महाग पडतो तो वेगळाच.

सेफ्टीत नुसते एअरबॅगचे आकडे मोजू नका. सहा आहेत हे ठीक, पण कर्टन एअरबॅग, म्हणजे खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या, तिसऱ्या रांगेच्या काचेपर्यंत पोचतात का ते विचारा. मागच्या दोन्ही सीटना हेडरेस्ट आणि तीन पॉइंटचा बेल्ट आहे का तेही बघा. मिड-प्लस घेण्याचं आमचं मोठं कारण म्हणजे ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेक तिथूनच सुरू होत होता. आणि हो, सात माणसं सत्तर किलोने धरली तरी ४९० किलो झाले, बॅगा अजून बाकीच. दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर फुल लोडसाठी टायरचं प्रेशर वेगळं दिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही, मीही पहिल्या लांबच्या ट्रिपला वाचलं नव्हतं आणि गाडी नुसती झुलत होती.

डिकी? तिसरी रांग उभी असताना दोन केबिन बॅगा उभ्या बसतात, संपलं. रांग ५०:५० पडते म्हणून सहा जण असले की निभतं. डिकीवर ओढायचा पडदा मात्र रांग उभी केली की काढावा लागतो आणि तो ठेवायला गाडीत जागाच केलेली नाही, आमचा कायम घरी पडून असतो. स्टेपनी बारकी, ८० च्या वर पळवायची नाही.

आता माझी चूक सांगतो. टॉपमध्ये मधे दोन सुट्या कॅप्टन सीट येतात, सहाच जण बसतात, म्हणून आम्ही नाक मुरडून मधे सलग बेंचवाली सात सीटर घेतली. मागे जायचं तर बेंचची कडेची सीट एका झटक्यात दुमडते, शोरूममध्ये त्या मुलाने तीनदा करून दाखवलं, आम्ही खूश. पण आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायचे हुक आमच्यात फक्त मधल्या रांगेच्या दोन कडांना आहेत, तिथे धाकट्याची चाइल्ड सीट बसवली की ती बाजू दुमडतच नाही. दुसऱ्या कडेला आजी बसते, तिला दर वेळी उतरवायचं कसं? कॅप्टन सीट असत्या तर मधल्या फटीतून पोरं मागे सरकली असती. सध्या थोरली डिकी उघडून मागूनच चढते, आणि तिला विचाराल तर गाडीतलं सगळ्यात भारी फीचर तेच आहे.