कौलारू खोली की स्लॅबची? मे महिन्यातलं कोकण, एसीविना

घरमालक फोनवर विचारतात, "जुन्या घरातली देऊ की वरची नवीन?" आपण 'नवीन' म्हणून मोकळे होतो. गुहागरला मीही तेच केलं होतं. रात्री अकराला पलंगावर उभं राहून छताला हात लावला, तर इस्त्री फिरवून ठेवलेल्या शर्टासारखं कोमट. पंखा पाचवर, आणि तीच ऊब खाली.

स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ओकतो. दुपारी बाराला ही खोली बरी वाटते, म्हणूनच आल्याआल्या फसायला होतं. कौलांचं उलटं. पातळ असल्याने दुपारी तापतात, खाली माळा नसेल तर डोक्यावर धग जाणवते. पण सूर्य बुडाला की लवकर निवतात आणि फटींतून गरम हवा वर निघून जाते. चिऱ्याच्या जाड भिंती असतील तर माजघर दुपारीही सुसह्य. तशीही जेवणानंतरची झोप पडवीतच छान लागते, समुद्रावरचा वारा तेव्हा सुटलेला असतो. मला हिशोब रात्रीचा वाटतो, म्हणून माझं मत कौलांना. पाली असतात, आणि शेजारच्या खोलीतलं घोरणं माळ्यावरून थेट ऐकू येतं, हे मान्य.

दोन अपवाद. कौलांखाली प्लायवूडचं बुटकं सिलिंग ठोकलं असेल तर हवा कोंडते. आणि स्लॅबची खोली तळमजल्यावर, वर आणखी एक मजला असेल, तर बिनदिक्कत घ्या. ऊन वरच्यांच्या डोक्यावर.

'कूलर आहे' याला भुलू नका. नागपुरात ४४ अंशांच्या कोरड्या उन्हात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर स्वर्ग. कोकणात पारा ३३-३४ असला तरी हवा आधीच ओली, पाणी उडणार कुठे? खोली नुसती चिकट होते. ओल्या चादरीचंही तेच. इथे वारा हवा. समोरासमोर खिडक्या आहेत का, त्यांना जाळ्या आहेत का, हे आधी विचारा. जाळी नसली तर डासांपायी खिडकी बंद होते आणि सगळं मुसळ केरात. वीज जाते तेव्हा पंखा इन्व्हर्टरवर चालतो का, हेही विचारा.

वरचीच खोली मिळाली तर गच्चीवर गाद्या टाकू देतात का बघा. संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारलं की फरक पडतो, पण मेमध्ये विहिरी तळाला गेलेल्या असतात. तेवढं मागायला जीभ रेटत नाही.