सोलर बरणीचं किट: पहिल्या रात्री लख्ख उजेड, परताव्याची मुदत संपली की अंधार

दिवाळीच्या महिनाभर आधी ‘बरणीत घाला आणि लावा’ अशा सोलर किटच्या जाहिराती सुरू होतात. बरणीच्या झाकणात बसणारं छोटं पॅनल, एक पेन्सिल सेल, सर्किट आणि तांब्याच्या तारेवरच्या बारीक एलईडींची माळ, एवढाच ऐवज असतो. बचत गट आणि घरगुती व्यवसाय करणारे असे पन्नास-शंभर नग एकदम उचलतात, लोणच्याच्या किंवा जॅमच्या बाटल्यांत बसवून विकतात, आणि दहा-बारा दिवसांनी गिऱ्हाइकांचे फोन यायला लागतात: दिवा अर्ध्या तासात विझतो. तोवर विक्रेत्याकडची सात दिवसांची परतीची मुदत उलटलेली असते. हा योगायोग नसतो. माल तसाच बनवलेला असतो.

सेल कारखान्यातूनच थोडाफार चार्ज होऊन येतो. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी दिवा झकास लागतो, फोटो निघतात, पाच तारे दिले जातात. पॅनलने अजून काहीच काम केलेलं नसतं. पुढची सगळी लबाडी याच एका रात्रीच्या जोरावर चालते, म्हणून किटमधली प्रत्येक वस्तू सुटी करून बघावी लागते.

सगळ्यात मोठी लबाडी सेलमध्ये. वेष्टनावर ‘1.2 व्होल्ट, 600 एमएएच’ छापलेलं असतं (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप). खरा निकेल-मेटल हायड्राइड पेन्सिल सेल या क्षमतेचा असेल तर साधारण 12 ते 16 ग्रॅम भरतो. बनावट सेल हातावर घेतला तरी पोकळ लागतो. प्लास्टिकचं आवरण सोलल्यावर आत बारीक सेलचाही तुकडा निघतो, भोवती नुसती प्लास्टिकची नळी. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर दोन मिनिटांत उलगडा होतो. काही ठिकाणी ‘3500 एमएएच’ असंही छापतात. या आकाराच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलची मजल चांगल्यात चांगल्या कंपनीकडेही 2700-2800च्या पुढे फारशी जात नाही, तेव्हा असा आकडा दिसला की तिथेच थांबावं.

वजनावर भागत नसेल तर रेझिस्टर, म्हणजे सेलवर ठरावीक भार टाकणारा छोटा सुटा भाग, लावा. सेल चार्जरवर पूर्ण भरून घ्या, दोन टोकांना 10 ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर जोडा आणि मल्टिमीटर (व्होल्ट आणि अँपिअर मोजणारं मीटर) लावून ठेवा. सुमारे 120 मिलिअँपिअर वाहतात. खरा 600चा सेल पाच तासांच्या आसपास टिकतो आणि मग 1 व्होल्टच्या खाली घसरतो. सव्वा तासात घसरला तर हातात 150चा सेल आहे.

पॅनलच्या बाबतीत आकडा क्षेत्रफळावरून पकडता येतो. भर दुपारच्या उन्हात एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे 100 मिलिवॅट ऊर्जा पडते आणि या स्वस्त पॅनलमधून त्यातले 15च्या आसपास वीज होऊन निघतात. 4 × 4 सेंटिमीटरच्या पॅनलमधून म्हणजे फार तर पाव वॅट. त्यावर ‘1 वॉट’ लिहिलं असेल तर ते सरळ खोटं आहे. पट्ट्याही मोजा: 2 व्होल्टच्या पॅनलमध्ये चार पट्ट्या ओळीने जोडलेल्या असतात. तीनच असतील तर पूर्ण भरत आलेल्या सेलला, ज्याचा दाब 1.4 व्होल्टच्या आसपास जातो, ते पॅनल नीट चार्ज करत नाही. तांबूस-तपकिरी, पट्ट्यांऐवजी बारीक रेघा दिसणारं पॅनल अमॉर्फस प्रकारचं असतं. त्याच आकारात ते निम्म्याहून कमी वीज देतं.

मोजायचं असेल तर दुपारी बारा-एकला पॅनल सूर्याकडे तोंड करून धरा आणि मीटर डीसी अँपिअरवर ठेवून दोन्ही तारा थेट पॅनलला लावा. पॅनलला याने काही होत नाही. सेलला मात्र असं कधी करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. ‘60 मिलिअँपिअर’ म्हणून घेतलेलं पॅनल 50 तरी दाखवायला हवं. फसव्या किटमध्ये 20-25 दिसतात. दिवसाचे पाच तास चांगलं ऊन धरलं तर 25 मिलिअँपिअरचे 125 एमएएच होतात, आणि चार्जिंगमधली गळती वजा जाता नव्वदच हाती लागतात.

आता सगळ्यात धूर्त भाग, जो क्वचितच कोणी पाहतं. सर्किटवर चार पायांची एक चिप असते आणि शेजारी रेझिस्टरसारखाच दिसणारा, रंगीत पट्ट्यांचा इंडक्टर. एलईडीला किती करंट जायचा ते हा इंडक्टर ठरवतो: मायक्रोहेन्री कमी तर उजेड जास्त, आणि सेल तितक्याच वेगाने रिकामा. शोभेच्या दिव्याला 220 मायक्रोहेन्री (लाल, लाल, तपकिरी) पुरतो. फसव्या किटमध्ये 47चा (पिवळा, जांभळा, काळा) घालतात. पहिल्या रात्री डोळे दिपतात, कारण भरलेला सेल भराभर ओढला जातो. सेल आणि सर्किट यांच्यामध्ये मीटर घालून, पॅनल हाताने झाकून बघा. 15-20 मिलिअँपिअर ठीक. 50च्या वर जात असेल तर वरच्या हिशेबातले नव्वद एमएएच दोन तासही पुरत नाहीत. रोज असा तळापर्यंत रिकामा होणारा छोटा सेल लवकर मरतो, आणि मग तो अर्धा तास.

तक्रार केली की ठरलेली उत्तरं येतात. ‘ऊन कमी मिळालं असेल.’ म्हणून तर मोजमाप भर दुपारी, सूर्यासमोर धरून करायचं. ‘सेल सेट व्हायला आठवडा लागतो.’ यात तथ्य आहे, पण अर्धंच: नवा सेल दोन-चार वेळा भरला-रिकामा झाला की थोडा सुधारतो, 150चा 600 होत नाही. हा आठवडा मागितला जातो तो मुदत संपवायला.

तेव्हा पार्सल उघडतानाच व्हिडिओ करा, त्यात बिलाचा आणि पत्त्याचा कागद दिसू द्या. त्याच दिवशी पाच-सहा नग कुठूनही उचलून तपासा. वरचेच घेऊ नका, वर चांगले ठेवलेले असतात. मीटरचा आकडा दिसणारे फोटो जोडून लेखी तक्रार करा. 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, त्यापुढे आपल्याच जिल्ह्यातला ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. मात्र फेरविक्रीसाठी घेतलेल्या मालाला 2019च्या कायद्याखाली ‘ग्राहक’ म्हणून दाद मिळणं अवघड असतं. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतःच्या वापराला खरेदी केली असेल तर अपवाद आहे. तक्रारीत तो मुद्दा स्पष्ट लिहा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून निम्मी रक्कम आगाऊ मागणारा विक्रेता असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक आणि पत्ता मागा. परताव्यासाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं तर तो दुसरा डाव आहे, पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.

माल परत जात नसेल तर सगळा फेकू नका. खऱ्या 600 एमएएचचा सेल आणि 220चा इंडक्टर पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे मिळतात. इंडक्टर बदलणं म्हणजे सोल्डरिंगचे दोन टाके. अशक्त पॅनल सुधारत नाही, पण अशी दोन समांतर जोडली (अधिकला अधिक, उणेला उणे) की काम भागतं; झाकण तेवढं रुंद हवं. सील करताना व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातल्या आम्लाने तांब्याची तार आणि टाके हिरवे पडतात. न्यूट्रल सिलिकॉन मागा, आणि बाटली आतून पूर्ण कोरडी झाल्याशिवाय झाकण लावू नका.