पिच क्लॉक: तीन सीझन वापरून झाल्यावर

मोबाइलचे रिव्ह्यू येतात, मिक्सरचे येतात, गाड्यांचे तर ढिगाने येतात. नियमाचा रिव्ह्यू सहसा कुणी लिहीत नाही. पण मेजर लीग बेसबॉलने २०२३ पासून मैदानात जे घड्याळ लावलंय, ते मी गिऱ्हाईक म्हणूनच वापरतोय. तिकीट माझं, ट्रेनचं भाडं माझं, पोराच्या हॉटडॉगचे पैसेही माझेच. त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं धरून चालतो. राहायला न्यू जर्सीत, टीम न्यूयॉर्क मेट्स. सहानुभूती नको.

ज्यांनी बेसबॉल फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, हातात चेंडू आला की घड्याळ शून्याकडे धावायला लागतं. बेसवर, म्हणजे धाव पुरी करायला गाठाव्या लागणाऱ्या टप्प्यांवर, कुणी नसेल तर १५ सेकंद. कुणी असेल तर २०२३ मध्ये २० होते, २०२४ पासून १८ केले. तेवढ्यात पिचरने हालचाल सुरू केली नाही तर न टाकलेल्या चेंडूचा एक ‘बॉल’ (आपल्या वाइडसारखा, चार झाले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर) त्याच्या नावावर लागतो. बॅटरलाही सूट नाही. घड्याळात ८ दिसायच्या आत त्याने पिचरकडे बघत तयार असायला हवं, नाहीतर फुकटचा स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक म्हणजे आउट. बॅटरला एका खेळीत एकदाच टाइमआउट घेता येतो. आणि बेसवरच्या रनरला अडकवून ठेवण्यासाठी पिचरने उगाच चेंडू फेकत बसायचं, तेही दोनदाच. तिसऱ्यांदा फेकला आणि रनर आउट झाला नाही, तर रनरला पुढचा बेस बक्षीस.

हे कशासाठी, ते कळायला जुना बेसबॉल स्टँडात बसून सोसलेला असावा लागतो. बॅटर प्रत्येक पिचनंतर बॉक्सबाहेर यायचा, हातमोज्यांच्या पट्ट्या सोडायचा, पुन्हा आवळायचा, बुटांवर बॅट आपटायचा. बोस्टनचा नोमार गार्सियापारा या हातमोज्यांच्या सोहळ्यासाठीच इतका गाजला की शाळकरी पोरं त्याची नक्कल करायची. सत्तरच्या दशकातल्या माइक हारग्रोव्हला तर ‘ह्यूमन रेन डिले’ असंच म्हणत. पाऊस नसताना खेळ थांबवणारा माणूस! २०२१ मध्ये नऊ इनिंगची मॅच (दोन्ही टीमची एकेक पाळी म्हणजे एक इनिंग) सरासरी ३ तास १० मिनिटं चालत होती. २०२२ च्या उन्हाळ्यात माझे बाबा नाशिकहून आले होते. पाच-पाच दिवस रेडिओला कान लावून कसोटी ऐकलेला माणूस. त्यांनीसुद्धा तिसऱ्या इनिंगमध्ये विचारलं, “अरे, हा त्या ग्लोव्हजचं करतोय काय? दुकानात परत देणारे का?”

घड्याळ आलं आणि पहिल्याच वर्षी सरासरी २ तास ४० मिनिटांवर आली. २०२४ मध्ये २ तास ३६. हे आकडे कागदावर बरे दिसतात, पण माझ्या दृष्टीने खरा फरक रात्री पावणेदहाला पडतो. मेट्सच्या सिटी फील्डवरची संध्याकाळची मॅच सात-दहाला सुरू होते. पूर्वी आठव्या इनिंगमध्ये स्टँडात एक चुळबुळ सुरू व्हायची. एका हाताने पोराचं जॅकेट शोधायचं, दुसऱ्या हातात फोनवर पेन स्टेशनहून सुटणाऱ्या गाड्या. उद्या शाळा, उद्या ऑफिस, आणि मैदानात चौथा पिचर हळूहळू वॉर्म-अप करतोय. मग आपण उठायचं आणि मॅचचा निकाल प्लॅटफॉर्मवर फोनमध्ये बघायचा. आता आठवड्यातल्या मधल्या दिवसाची मॅचसुद्धा शेवटच्या आउटपर्यंत बसून बघता येते. माझ्यासाठी नियमाची किंमत एवढ्यातच वसूल झाली.

बाबा २०२४ मध्ये पुन्हा आले. मॅच संपली, लोक उठले. बाबा बसूनच. “संपली? एवढ्या पैशांत एवढीच?” ही तक्रार थट्टेवारी नेऊ नका, इथल्या बऱ्याच लोकांचीही तीच आहे. तिकीट स्वस्त झालेलं नाही आणि मैदानातला वेळ मात्र अर्ध्या तासाने कमी झालाय. त्या अर्ध्या तासात बेसबॉल नव्हता हे मान्य. पण गप्पा होत्या. बेसबॉल बघणं हा अर्धा गप्पांचा धंदा आहे, विशेषतः जुन्या लोकांत.

माझ्या सेक्शनमध्ये एक सत्तरीच्या पुढचे काका बसतात. मांडीवर स्कोअरबुक, कानामागे पेन्सिल. प्रत्येक पिच चौकटीत टिपतात: स्ट्राइकसाठी रेघ, बॉलसाठी ठिपका, बॅटर आउट झाला की चौकटीत गोल आकडा. पूर्वी ते एका पिचची नोंद करून शेजाऱ्याला १९८६ च्या वर्ल्ड सिरीजचा (लीगच्या अंतिम मालिकेचा) एखादा किस्सा पूर्ण सांगायचे आणि तरी पुढच्या पिचसाठी वेळेत मान वर करायचे. आता किस्सा अर्ध्यावर राहतो. “लिहू की बोलू?” असं ते चिडून म्हणतात. पण घड्याळ काढून टाकायचं का असं विचारलं, तर मान हलवून नाही म्हणतात. हा विरोधाभास मला इथे सगळीकडे दिसतो. फॅन कुरकुर करतात, पण मागे जायला कुणी तयार नाही.

सुरुवातीला असं नव्हतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये फ्लोरिडात ब्रेव्ह्ज आणि रेड सॉक्सची सराव मॅच झाली. ६-६ बरोबरी, नववी इनिंग, तिन्ही बेस भरलेले, दोन आउट, काउंट तीन-दोन (तीन बॉल, दोन स्ट्राइक). यापेक्षा ताणलेला क्षण बेसबॉलमध्ये असत नाही. आणि ब्रेव्ह्जचा कॅल कॉन्ली वेळेत तयार नव्हता म्हणून अंपायरने तिसरा स्ट्राइक देऊन टाकला. मॅच तिथेच बरोबरीत संपली. पिच नाही, स्विंग नाही, काही नाही. स्टँडातून शिव्या आल्या, आणि मला त्या रास्त वाटल्या. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचमध्ये असं झालं तर काय, हा प्रश्न तेव्हा ज्याच्या-त्याच्या तोंडी होता.

नंतर खेळाडू शिकले. ते आपल्या अंदाजापेक्षा लवकर शिकतात, पोटापाण्याचा प्रश्न असतो. आता मॅचच्या मॅच जातात आणि उल्लंघन दिसतही नाही. घड्याळ होमप्लेटच्या मागे आणि आउटफिल्डमध्ये असतं, टीव्हीवर कोपऱ्यात शेवटची सेकंदं दिसतात. पहिल्या महिन्यात माझी नजर सारखी तिकडे जायची. मग ती सवय आपोआप सुटली. गंमत उरली ती एवढीच, की पाहुण्या पिचरला घाबरवायला स्टँडातली पोरं मुद्दाम चुकीचं काउंटडाउन ओरडतात. घड्याळात दहा असतात आणि हे “तीन, दोन, एक!” अजून तरी मी कुणाला फसलेलं पाहिलं नाही. पण ओरडायला मजा येते.

एक गोष्ट मात्र मला अजूनही खुपते. एप्रिल २०२३ मध्ये कोडी बेलिंजर शिकागो कब्जच्या जर्सीत डॉजर स्टेडियमवर आला. आधी तो डॉजर्सचाच, लॉस एंजेलिसच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याने टोपीला हात लावून त्या स्वीकारल्या. तेवढ्यात घड्याळ संपलं आणि अंपायरने त्याला स्ट्राइक लावला! नियमाप्रमाणे बरोबर असेल, पण माणसांच्या टाळ्यांना सेकंद लावायचे नसतात. अंपायरला अशा वेळी घड्याळ थांबवता येतं, आणि त्याने ते बिनधास्त थांबवावं.

दुसरी शंका मोठ्या क्षणांची. मार्च २०२३ मध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशादेशांतल्या स्पर्धेच्या फायनलला जपानच्या ओहतानीने शेवटच्या आउटसाठी अमेरिकेच्या माइक ट्राउटला स्ट्राइकआउट केलं. एकाच क्लबचे दोघं साथीदार समोरासमोर, काउंट तीन-दोन, जपान ३-२ ने पुढे. त्या स्पर्धेत घड्याळ नव्हतं. दोघांनी घेतलेला प्रत्येक श्वास टीव्हीवर दिसत होता. घड्याळविरोधी लोक आजही हाच पुरावा काढतात, आणि त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. एवढंच सांगतो, की ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्या मेट्सच्या लिंडोरने फिलाडेल्फियाच्या फिलीजविरुद्ध तिन्ही बेस भरलेले असताना होमरन (आपला सिक्सर समजा) मारला, तेव्हा घड्याळ चालू होतं. आमच्या घरात ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. खालच्या मजल्यावरच्यांनी छत ठोठावलं.

न मागता मिळालेला फायदा म्हणजे धावाधाव. पिचरला रनरकडे दोनदाच फेकता येतं, वर बेसचा आकारही १५ इंचांवरून १८ झाला. त्यामुळे चोरलेले बेस (चेंडू मारला जायची वाट न बघता रनरने पळून गाठलेले) २०२२ च्या सुमारे अडीच हजारांवरून २०२३ मध्ये साडेतीन हजारांवर गेले. त्याच वर्षी रोनाल्ड अकुन्या ज्युनिअरने ४१ होमरन आणि ७३ चोरलेले बेस अशी जोडी जमवली, जी त्याआधी कुणालाच जमली नव्हती. पोराला बेसबॉल आवडायला लागला तो होमरनमुळे नाही, या चोरीमुळे.

बिअरचा किस्सा सांगायलाच हवा. परंपरेने सातव्या इनिंगनंतर बिअर बंद. मॅच लहान झाल्यावर काही क्लबांनी विक्री आठव्या इनिंगपर्यंत नेली. फिलीजचा तेव्हाचा पिचर मॅट स्ट्रामने जाहीर आक्षेप घेतला: लोकांना गाडी चालवायच्या आधी शुद्धीवर यायला वेळ मिळावा म्हणून सातवी इनिंग होती ना, मग मॅच लहान झाल्यावर विक्री आणखी आधी थांबवा. गल्ल्यासमोर कोण ऐकतंय!

पिचरांच्या दुखापतींवरून मात्र वाद खरा आहे. एप्रिल २०२४ मध्ये खेळाडू संघटनेचे तेव्हाचे प्रमुख टोनी क्लार्क यांनी वेळ आणखी कमी करण्यावर टीका केली. लीगचं म्हणणं असं की दुखापती आधीपासूनच वाढतायत आणि त्याचं कारण चेंडूचा वेग आणि फिरकी यांचा हव्यास आहे. मला दोन्हीकडे तथ्य दिसतं. पण १८ वरून आणखी खाली जायची गरज कुणाला आहे, हे मला कळत नाही. मी तरी मागितलेली नाही.

आपल्या लोकांना हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. क्रिकेटमध्येही आता दोन षटकांमध्ये ६० सेकंदांचं घड्याळ आहे. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या नासाऊच्या तात्पुरत्या स्टेडियमवर भारत-अमेरिका टी-ट्वेंटी मॅच झाली. आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने अमेरिकेकडून कोहली आणि रोहित दोघांनाही काढलं. आणि अमेरिकेने तिसऱ्यांदा उशीर केला म्हणून भारताला पाच धावा फुकट मिळाल्या, ३० चेंडूंत ३५ ऐवजी ३० धावाच हव्या राहिल्या. माझे अमेरिकन सहकारी दुसऱ्या दिवशी म्हणाले, “तुमच्याकडेही पिच क्लॉक?” बेसबॉलमध्ये दंड एका बॉलचा आणि इथे थेट पाच धावा. माझ्या मते क्रिकेटचा दंड जास्त जड आहे.

ज्यांना वाटतं घड्याळाने मॅच आखडते, त्यांच्यासाठी २०२५ च्या वर्ल्ड सिरीजची तिसरी मॅच आहेच. डॉजर्स विरुद्ध टोरांटो, १८ इनिंग, ६ तास ३९ मिनिटं. फ्रेडी फ्रीमनच्या होमरनने संपली तेव्हा न्यू जर्सीत पहाटेचे जवळपास तीन वाजले होते. बेसबॉलला शेवटाची वेळ अजूनही नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक तारा टाळ्यांसाठी कापला.

पहिल्यांदा जाणार असाल तर एवढंच: वेळेवर पोचा. आपल्या हिशेबाने पाऊण तास उशिरा पोचलात, तर दोन-तीन इनिंग गेलेल्या असतात. आणि खायला इनिंगच्या मध्येच जा, पिचर बदलतोय म्हणून रांगेत उभे राहू नका. तेवढ्या वेळात आता मोहरीची बाटलीसुद्धा हाताला लागत नाही.