चौकट शंभर वर्षांची, लक्ष्मी परवाची

रवि वर्मा प्रेसचं जुनं चित्र विकत घ्यायच्या विचारात असाल, तर पैसे देण्याआधी चौकट उघडून दाखवायला सांगा. विकणारा टाळाटाळ करायला लागला तर चहा पिऊन उठा. माझे 42 हजार रुपये अजून परत आलेले नाहीत. मधल्या काळात अगदी याच पद्धतीने गंडवले गेलेले आणखी दोघं भेटले. त्यातले एक गृहस्थ आयुष्यभर जुनी नाणी जमवत आलेले, म्हणजे खऱ्याखोट्याची पारख असलेले. म्हणून जे झालं ते बारकाव्यांसकट लिहिते.

आधी थोडं या चित्रांबद्दल, कारण गिऱ्हाइकाला अर्धीमुर्धी माहिती असते यावरच हा धंदा चालतो. रवि वर्मांची मूळ तैलचित्रं संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या घरी गेली. आपल्या देवघरात, ओटीवर, सराफाच्या पेढीवर आली ती त्यांची छापील रूपं, म्हणजे ओलिओग्राफ. त्यासाठी त्यांनी 1894 मध्ये मुंबईत प्रेस काढली. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर चित्र उतरवायचं, प्रत्येक रंगाला वेगळी शिळा, एकेका चित्राला दहा-बारा शिळा लागणं नवलाचं नव्हतं. या शिळाछपाईलाच लिथो म्हणतात. वरून वार्निशचा हात द्यायचा, म्हणजे तैलरंगाची झाक येते. 1899 मध्ये प्रेस लोणावळ्याजवळ मळवलीला हलली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीची झाली. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच प्रेससाठी काम करत होते. रवि वर्मा 1906 मध्ये गेले, पण छपाई पुढे कितीतरी वर्षं चालूच राहिली. चित्रकार धुरंधरांची चित्रंही तिथून निघाली. 1972 मध्ये प्रेसला आग लागली आणि ती संपली.

तेव्हा ‘रवि वर्मा प्रेस’ असं खाली छापलेलं चित्र 1900 चं असेल किंवा 1930 चंही असेल. दोन्ही खरीच, पण किंमत सारखी नाही. आणि या चित्रांवरचे हक्क कधीच संपले असल्यामुळे आज कुणीही त्यांची नवी प्रत छापून उघडपणे विकू शकतो. तसे कित्येक जण विकतात, त्यात गैर काही नाही. लबाडी सुरू होते ती नवी प्रत जुनी म्हणून गळ्यात मारण्यात.

मला हवी होती लक्ष्मी. कमळावर उभी, चार हातांची, मागे सोंडेत माळ धरलेला हत्ती, आणि साडीवर खरी जर-टिकली चिकटवलेली. पूर्वी घरातल्या बायका हौसेने या चित्रांना सजवत. पदराला जर, दागिन्यांना टिकल्या-मणी, कधी अख्खी साडीच कापडाची. असं नटवलेलं चित्र आता सहज मिळत नाही. जुन्या वस्तूंच्या एका ऑनलाइन गटात तशाच लक्ष्मीचा फोटो आला आणि खाली मजकूर होता, ‘सासवडकडचा वाडा उतरवत आहोत, घरातलं सामान द्यायचं आहे, फक्त जाणकारांनी संपर्क करावा.’ या ‘जाणकारांनी’त खरी गोम आहे. फोन करणारा प्रत्येक जण स्वतःला जाणकार समजूनच फोन करतो आणि मग प्रश्न विचारायला संकोचतो.

सामान पुण्याबाहेरच्या एका भाड्याच्या गाळ्यात ठेवलं होतं. दगडी जाती, पितळेच्या समया, चिनी मातीची विजेची बटणं, नक्षीचे दोन दरवाजे, तांब्याचा बंब. हे सगळं अस्सल होतं. बंबाच्या कडीला हात लावला तरी कळत होतं. या मांडणीला मी धंद्यातली हुशारी म्हणते. वीस खऱ्या वस्तूंच्या मधोमध एक खोटी ठेवली की तिच्याकडे संशयाने कोण बघेल?

विकणारा पन्नाशीचा, बोलायला गोड, प्रत्येक वाक्याला ‘ताई’. ‘‘आमच्या आजीच्या सासूबाईंनी आणलेलं हे. 1894 सालची पहिली छपाई. ओरिजिनल लिथो आहे ताई, जर्मन दगडावरची.’’ चौकट शिसवी होती. कोपऱ्यातल्या सांध्यांत शंभर वर्षांची धूळ आणि तेल बसून काळी कुळकुळीत झालेली. काच किंचित लहरीदार, आत दोन-तीन बुडबुडे. डोकं हलवलं की मागची लक्ष्मी पाण्यात असल्यासारखी हले. तशी काच आता सहसा कुणी बनवत नाही. पाठीमागे देवदाराची फळी, तिच्यावर पिवळंजर्द मराठी वर्तमानपत्र चिकटवलेलं, खिळे गंजून फळीत तांबडे डाग उतरलेले. फळीला वाळवीची भोकं. यातली एकही गोष्ट बनावट नव्हती, हे लक्षात ठेवा.

चित्र मात्र काचेआड होतं आणि भोवती आतून सोनेरी पट्टी बसवलेली होती. चित्राच्या खालची छापील ओळ त्या पट्टीखाली गेलेली. चौकट उघडू या, असं म्हटल्यावर त्याने नाही म्हटलं नाही. ‘‘उघडा की, तुमचीच वस्तू आहे ताई. पण माझ्या दारात नको. कागद पापडासारखा झालाय. हवा लागून तुकडे पडले तर तुम्ही म्हणाल मी फाटकं दिलं.’’ ऐकायला पटतं. जुना कागद आम्लामुळे ठिसूळ होतो ही गोष्ट खरीच आहे. पण हवेने त्याचे तुकडे पडत नाहीत. संग्रहालयांत अशी चित्रं रोज चौकटीबाहेर काढली जातात. फ्रेमवाला पाच मिनिटांत पाठ उघडतो, कागदाला काही होत नाही.

सोबत त्याने एक प्रमाणपत्रही दिलं. जाड कागद, सोनेरी स्टिकर, ‘शंभर टक्के अस्सल’. देणाऱ्याचं पूर्ण नाव नाही, पत्ता नाही, कशावरून अस्सल ते नाही. पावतीवर फक्त ‘जुनी फ्रेम, 1 नग’. ‘‘जीएसटीचा घोळ नको ताई’’ असं त्यावर त्याचं म्हणणं. पुढे सगळं अडलं ते पावतीवरच्या या चार शब्दांवरच.

चौकट उघडली ती नेहमीच्या फ्रेमवाल्या काकांनी, मागची फळी बदलून बिनआम्लाचा पुठ्ठा घालायचा म्हणून. मागचं वर्तमानपत्र सुरीने सोडवताना काका थांबले. ‘‘हे खळीने नाही चिकटवलं, फेव्हिकॉल आहे.’’ पूर्वी घरोघरी पिठाची खळ असायची. ती वाळून भुकटी होते आणि तिला कसर लागते. इथे पांढरट, लवचीक पापुद्रा ओढून निघत होता. म्हणजे जुना कागद जुन्या फळीला नव्याने चिकटवलेला.

मग चित्र बाहेर आलं. खऱ्या जुन्या चित्रात चौकटीच्या ओठाखाली दबलेली कडा वेगळी दिसते. तिथे उजेड पोचलेला नसतो, त्यामुळे रंग ताजे राहतात आणि उघड्या भागाशी एक स्पष्ट सीमारेषा पडते. फळीच्या लाकडाचे करपट पट्टे पाठीवर उमटतात, अगदी रेषांसकट. या कागदाचा तपकिरी रंग मात्र कडेपासून कडेपर्यंत एकसारखा होता, पुढे तोच, मागे तोच. काकांनी नाकाजवळ नेला आणि हसले. चहाचं पाणी. जरीचं काम बघितलं तर टिकल्या प्लास्टिकच्या. त्यांच्याखाली गरम डिंकाच्या बंदुकीतून निघणारे कोळिष्टकासारखे धागे. जुनी धातूची जर हवेने काळवंडते, ही जर लखलखीत होती. काचेतून तोच लखलखाट मला ‘छान जपलंय’ असा दिसला होता.

शेवटचा निकाल लागला तो एका मैत्रिणीकडे. ती मुद्राचित्रणाची, म्हणजे ठशांवरून चित्रं छापण्याच्या कलेची शिक्षिका. तिने टेबलावर दहापट दाखवणारं भिंग ठेवलं आणि शेजारी तिच्याकडची एक खरी, फाटकी ओलिओग्राफ प्रत. खऱ्या प्रतीत लक्ष्मीच्या गालावर गुलाबी, बदामी, राखाडी ठिपके दिसतात. हाताने दिलेले, लहानमोठे, वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले. प्रत्येक रंग वेगळ्या शाईचा असतो, कारण वेगळ्या शिळेचा. माझ्या लक्ष्मीच्या गालावर निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा एवढे चारच रंग होते, ठिपके ओळीत बसलेले आणि त्यांची फुलासारखी जाळी झालेली. आजच्या ऑफसेट छपाईची ही खूण आहे.

‘‘पण ठिपक्यांवर एकट्यावर विसंबू नकोस,’’ ती म्हणाली. चांगल्या इंकजेटवर काढलेल्या प्रतीत ती जाळी नसते, बारीक फवारा असतो आणि नवखा माणूस त्याला लिथोचे ठिपके समजतो. तिने भिंग खाली सरकवलं, चित्राखालच्या इंग्रजी ओळीवर. खऱ्या छपाईत ही अक्षरं एकाच शाईची, भरीव आणि कडा धारदार अशी असतात. फोटो काढून किंवा स्कॅन करून छापलेल्या प्रतीत अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांची बनतात आणि कडा विस्कटतात. माझ्या चित्रातला ‘आर’ निळ्या-किरमिजी रव्याचा होता. नवा माल ओळखायला मला तरी यापेक्षा सोपी खूण सापडलेली नाही. भिंग तीनशे रुपयांत मिळतं.

आणि ती ओळ काय होती? ‘रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’. 1894 मध्ये प्रेस मुंबईत होती. ओळ सोनेरी पट्टीखाली का लपवली होती ते आता कळलंच असेल.

नोटा तपासायचा जांभळा दिवाही उपयोगी पडतो. साधारण 1950 नंतर कागदात चमक आणणारी रसायनं घालायला लागले. असा कागद त्या दिव्याखाली निळसर पांढरा पेटतो. माझ्या लक्ष्मीची पाठ चहा लावूनही ठिकठिकाणी पेटली. उलट मात्र धरू नका. कागद पेटला नाही म्हणजे जुना, असं ठरत नाही.

फोन केल्यावर विकणाऱ्याचा सूर आधी दुखावलेला होता. ‘‘ताई, वाड्यातून आलं तसं दिलं. आमच्या पूर्वजांनाच कुणी फसवलं असेल.’’ पूर्वजांना गरम डिंकाची बंदूक कुठून मिळाली असेल हे मी विचारलं, तेव्हा नंबर ब्लॉक झाला. वाड्याचीही चौकशी केली. त्या नावाचा वाडा तिथे होता, पण त्या घरातल्या कुणी काहीच विकायला काढलेलं नव्हतं.

तक्रारीचं सांगते, कारण बहुतेक लोक इथेच दमतात. ऑनलाइन पैसे गेल्यावर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या 1930 या क्रमांकावर लगेच, खरोखर लगेच, फोन केला तर पैसे गोठवता येण्याची शक्यता असते. आमच्यासारख्या प्रकारात चौकट उघडेपर्यंत पैसे पुढे सरकलेले असतात. पोलीस चौकीत पहिला प्रश्न आला, ‘‘वस्तू मिळाली ना मॅडम?’’ वस्तू मिळाली होती. खोटं सांगून विकणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूकच आहे, पण ‘1894 ची पहिली छपाई’ हे लेखी कुठे आहे? पावतीवर ‘जुनी फ्रेम’. फ्रेम तर जुनी आहेच. माझ्या बाजूने उभं राहिलं ते गटातल्या जाहिरातीचं छायाचित्र आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने स्वतः पाठवलेला ‘ओरिजिनल लिथो, 130 वर्षं जुनं’ हा संदेश. म्हणून तोंडी काही ठरवू नका. साल, छपाईची पद्धत आणि ‘नवी प्रत निघाल्यास पैसे परत’ हे त्याच्याकडून लिहून घ्या, निदान संदेशात तरी.

ग्राहक आयोगात मी गेले आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मैत्रिणीने ठिपक्यांचे मोठे केलेले फोटो, शेजारी खऱ्या प्रतीचे, असं दोन पानी टिपण करून दिलं, ते जोडलं. समोरचा म्हणतो, मी धंदा करत नाही, घरातली वस्तू विकली, म्हणून मी ‘विक्रेता’ नाहीच. त्याला उत्तर म्हणून बाकी दोघांच्या पावत्या जोडल्या आहेत. तिन्हींवर एकच अक्षर, तिन्हींवर ‘जुनी फ्रेम, 1 नग’. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा धंदा करायला 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे परवाना लागतो. हा प्रश्न खरेदीच्या वेळीच सहज विचारून बघा. प्रामाणिक व्यापारी त्यावर नीट बोलतो. आमचा माणूस तेव्हा म्हणाला असता ‘‘एवढं जुनं कशाला असेल ताई’’, आणि तिथेच किंमत उतरली असती.

प्रामाणिक व्यापारी आहेत, हेही लिहायला हवं. मुंबईच्या चोर बाजारात एका दुकानदाराने मला स्वतःहून भिंग हातात दिलं आणि म्हणाला, हे 1930 च्या आसपासचं, ते नवं, हे खरं पण कडा कापलेल्या. तिथे लक्ष्मी नव्हती.

सुनावणीची पुढची तारीख पडली आहे. दरम्यान परवा एका वेगळ्या गटात नव्या नावाने जाहिरात आली. या वेळी सरस्वती आहे, वाडा वाईचा, किंमत 48 हजार, आणि ‘फक्त जाणकारांनी संपर्क करावा’. फोटोत डावीकडे तोच तांब्याचा बंब दिसतो. जाहिरातीचं छायाचित्र मी आयोगाच्या फाइलला लावलं आहे. तुमच्यापैकी कुणी त्या सरस्वतीसाठी आगाऊ पैसे दिले असतील, तर आजच बँकेला कळवा आणि पावती जपून ठेवा.