क्रीडा मासिक लावावं, की फोनवरच वाचावं?

खेळावर जीव असणाऱ्याने आज छापील क्रीडा मासिक लावावं का, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. माझं मत आधीच सांगतो. बातमी आणि आकडे यांसाठी कागदाकडे वळूच नका. पण वर्षभरात चार-दोन लेख तरी मनात घर करून राहावेत असं वाटत असेल, तर एक मासिक जरूर लावा. फक्त ते पारखून घ्या.

कागद जिथे सरळ हरतो, ते आधी बघू. सामना रविवारी रात्री संपला तर साप्ताहिक हातात पडायला दोन-तीन दिवस जातात. मासिकाचा अंक येतो तोवर पुढची स्पर्धाही सुरू झालेली असते. क्रिकेटचं संकेतस्थळ क्रिकइन्फो १९९३ साली सुरू झालं आणि हळूहळू धावफलकासाठी अंकाची वाट बघण्याचं कारणच उरलं नाही. एखाद्या फलंदाजाची परदेशातली, चौथ्या डावातली, त्यातही हरलेल्या सामन्यांतली सरासरी हवी असेल तर पूर्वी जुन्या अंकांचा गठ्ठा, वही आणि सुट्टीचा अख्खा दिवस लागायचा. आता क्रिकइन्फोच्याच स्टॅट्सगुरू या आकडेवारीच्या पानावर चार-पाच रकाने निवडले की उत्तर समोर येतं. इथे तुलनाच होऊ शकत नाही.

वाचक गेले, त्यांच्यामागून जाहिराती गेल्या आणि अंक विरळ होत गेले. १८८६ पासून निघणाऱ्या ‘द स्पोर्टिंग न्यूज’चा छापील अंक २०१२ च्या अखेरीस थांबला. अर्जेंटिनाचं ‘एल ग्राफिको’ १९१९ ते २०१८ असं जवळजवळ शंभर वर्षं चाललं. ‘ईएसपीएन द मॅगझिन’ १९९८ मध्ये आलं आणि २०१९ मध्ये त्याचा नियमित छापील अंक बंद झाला. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ १९५४ पासून साप्ताहिक होतं. २०१८ मध्ये ते पाक्षिक झालं, २०२० मध्ये मासिक. वर्गणीदाराच्या दृष्टीने यातला धोका साधा आहे: आपण पैसे भरतो एका गोष्टीचे आणि वर्षाच्या मध्यात हातात येते दुसरीच. माझ्या बाबतीत हे घडलं आहे. वर्गणी संपायला सहा महिने असताना एक पाक्षिक मासिक झालं आणि उरलेल्या अंकांचा हिशेब कुणी दिला नाही. तेव्हापासून मी एका वर्षापेक्षा जास्त वर्गणी एकदम भरत नाही.

मग कागद घ्यायचाच कशासाठी? याचं उत्तर मला १९८० च्या एका मुखपृष्ठात सापडतं. लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या विद्यार्थी खेळाडूंनी बलाढ्य सोव्हिएत संघाला आइस हॉकीत ४–३ असं हरवलं. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने हाइन्झ क्लूटमायर यांचा एक फोटो मुखपृष्ठावर घेतला. त्यात एकमेकांना मिठ्या मारणारे, काठ्या उंचावलेले खेळाडू आहेत. फोटोवर मथळा नाही, ओळ नाही, खेळाडूंची नावं नाहीत. काय झालं ते वाचकाला आधीच माहीत होतं. आता त्याला हवं होतं ते पुन्हा एकदा डोळे भरून बघणं, आणि संपादकाने हे ओळखलं. आज त्याच क्षणाचे शेकडो फोटो रात्रीतच फोनवर येतील, पण ‘हाच, आणि यावर एक अक्षरही नको’ असं ठरवणारं कुणी त्यामागे असेलच असं नाही. क्रिकेटपटू संदीप पाटील यांच्या संपादनाखालचं मराठी क्रीडा नियतकालिक ‘एकच षटकार’ वाचत मोठ्या झालेल्यांना संपादकाची निवड म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

फोनवरचं फुकट वाचन मला इथेच कमी पडतं. ज्यावर जास्त बोटं पडतात तेच पुन्हा समोर येतं. भालाफेकीवर किंवा बुद्धिबळावर आपण न मागता लेख समोर येणं जवळजवळ बंदच झालं आहे. मासिकात पान उलटताना तो अचानक भेटतो, आणि माझ्या कित्येक आवडी अशाच लागल्या आहेत.

तरीही कागद म्हणजे दर्जा, असं समजू नका. नाव जुनं असलं तरी मालक बदलतात. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्याच संकेतस्थळावर अस्तित्वात नसलेल्या लेखकांच्या नावाने मजकूर येत असल्याचं २०२३ मध्ये उघड झालं. उलट ‘द ॲथलेटिक’ हे क्रीडा संकेतस्थळ २०१६ मध्ये निघालं ते कागदाशिवायच, वाचकांच्या वर्गणीवर. बातमीदार संघासोबत वर्षभर हिंडतात आणि लांब, मुरलेलं लिहितात. २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते ५५ कोटी डॉलरना घेतलं. लांबलचक वाचन स्क्रीनवर जमत असेल तर हा तिसरा पर्याय मला कागदाच्या तोडीचा वाटतो.

जपून ठेवण्याच्या बाबतीत निकाल इतका सोपा नाही. शोधायला संकेतस्थळ बरं, पण मालकाने ते बंद केलं की लेखही जातात. कपाटातला अंक मात्र कुणी परत मागत नाही.

पारखायचं कसं? आधी एक सुटा अंक घ्या. त्यात मैदानावर जाऊन लिहिलेले लेख किती आणि तुम्ही महिन्यापूर्वी फोनवर वाचलेलं किती, ते बघा. लेखकांची नावं अंकागणिक तीच आहेत का, तेही बघा. निम्मा अंक शिळा वाटला तर वर्गणी डिजिटलला द्या. घरात दहा-बारा वर्षांचं खेळवेडं मूल असेल, तर मात्र मी फार चिकित्सा न करता कागदच घेईन. मधल्या पानाच्या पिना नखाने हळूच उघडून, पान न फाडता पोस्टर सोडवताना ते मूल त्या खेळाडूचा पायाचा कोन आणि बॅटची पकड जितका वेळ न्याहाळतं, तितका वेळ मी त्याला फोनवरच्या एका फोटोवर थांबलेलं पाहिलेलं नाही.